भाड्याच्या घरात गरम पाणी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये पाऊस लागला की पहिला फोन येतो आणि मग पार जानेवारीपर्यंत येत राहतात, सगळ्यांचा प्रश्न एकच, भाड्याच्या खोलीत गिझर कुठला बसवू. गॅस, लाईट, सोलर याच्यावर लोक तासभर बोलतात पण मीटर कुणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच की भाड्याच्या घरात आधी मीटर बघायचा आणि मग मशीन. खालचे प्रश्न कॅम्प, टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, मच्छे, खानापूर अशा सगळीकडच्या मालकांनी विचारलेले आहेत, उत्तरं जमतील तशी लिहिलीत.

सगळ्यात स्वस्त कुठलं ते एका वाक्यात सांगा की.

भाडेकरूला वेगळा मीटर असेल तर साधा स्टार रेटिंगवाला लाईटचा गिझर, सगळ्यांना मिळून एकच मीटर असेल आणि बिल तुम्हीच भरत असाल तर सोलर. आता "पण" सुरू होतात, म्हणून पुढचं वाचा.

एक बादली तापवायला नेमका खर्च किती येतो?

हे गणित एकदा डोक्यात बसलं की दुकानदार काय वाट्टेल ते सांगू दे, तुम्ही फसणार नाही. एका युनिटमध्ये साधारण ८६० लिटर पाणी एक अंश तापतं. आपल्याकडं डिसेंबरच्या सकाळी टाकीचं पाणी धरा २० अंश, अंघोळीला ४२ अंश लागतं, म्हणजे २२ अंश वर न्यायचं. २० लिटरची बादली गुणिले २२ म्हणजे ४४०, म्हणजेच अर्धं युनिट. युनिट सहा रुपयाला धरलं तर बादलीला तीन रुपये. संपलं.

गॅसचं बघा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधनं चांगल्या गॅस गिझरवर अंदाजे २८० बादल्या निघतात, सिलिंडर ९०० ला धरला तर बादलीला तीन रुपयांच्या जरा वर. म्हणजे लाईट आणि गॅस जवळजवळ बरोबरीत आले, "गॅस लई स्वस्त पडतंय" हे जुन्या काळातलं झालं. आणि तेच पाणी शेगडीवर पातेल्यात तापवलं तर बरीच उष्णता बाजूनं उडून जाते, बादली चार रुपयांपर्यंत जाते.

चार माणसांचं घर, रोज एकेक बादली, म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागतो.

आपल्याकडं थंडी तशी कितीशी, गिझर द्यायलाच पाहिजे काय?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ च्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. बर्फ काही पडत नाही, पण खरा त्रास थंडीचा नाहीच, पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर ऊन नाही, भिंती ओल्या, कपडे वाळत नाहीत आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. मार्च ते मे सोडलं तर वर्षातले आठ-नऊ महिने गरम पाणी लागतंच. पुण्या-मुंबईची मुलं इथं मेडिकलला किंवा इंजिनिअरिंगला येतात, त्यांचे आईवडील खोली बघायला आले की बाथरूमचा नळ सोडून बघतात, मग भाडं विचारतात.

एक मात्र आहे, एखादा सोलरवाला "गारठ्यात पाणी गोठू नये म्हणून स्पेशल सिस्टीम" विकायला लागला तर हात जोडून घालवून द्या, ते लेह-शिमल्याला लागतं, आपल्याला नाही.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत लाईट फुकट आहे, मग सगळ्यांनी लाईटचाच गिझर लावावा काय?

इथंच खरी गंमत आहे. २०२३ पासून घरगुती मीटरला महिन्याला २०० युनिटपर्यंत सवलत आहे हे खरं, पण सगळ्यांना सरसकट २०० फुकट नाहीत. त्या मीटरचा २०२२-२३ चा सरासरी वापर आणि वर थोडी वाढ, तेवढं फुकट. त्याच्या वर पण २०० च्या आत गेला तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की अख्खं बिल भरायचं.

आता मघाचे ६० युनिट घ्या. एखाद्या घराचा वापर फ्रीज, टीव्ही, पंखे धरून १५० आहे, त्यात गिझरचे ६० मिळवले, झाले २१०. म्हणजे दहा युनिटपायी सगळं बिल डोक्यावर. अशा घरात गॅस गिझर किंवा सोलर परवडतं, उगाच नाही म्हणत. उलट नवराबायको दोघंच असतील, वापर ७०-८०, तिथं लाईटचा गिझर चालवला तरी जास्तीत जास्त वरच्या काही युनिटचे पैसे पडतील, तिथं सोलरवर २५ हजार घालणं म्हणजे पैसे जास्त झालेत.

भाडेकरूलाही ही सवलत मिळते, आरआर नंबरला (बिलावरचा मीटरचा नंबर) त्याचं आधार जोडायला लागतं आणि तो तिथं राहतो याचा कागद लागतो. जुना भाडेकरू गेला की त्याचं आधार त्या आरआर नंबरवरनं काढून घ्यायला सांगा, नाहीतर नवीन माणूस हेस्कॉमच्या (लाईट कंपनीच्या) ऑफिसात हेलपाटे मारत बसतो आणि शिव्या तुम्हाला घालतो.

एकच मीटर आणि तीन भाडेकरू आहेत, कसं करायचं?

जमलं तर मीटर वेगळे करून घ्या, तिन्ही घरांना स्वयंपाकघर आणि दार वेगळं असेल तर खर्च करण्यासारखा आहे. एकाच मीटरवर तीन घरं म्हणजे २०० ची मर्यादा पहिल्या पंधरा दिवसांत संपते आणि सवलत कुणालाच मिळत नाही.

ते होत नसेल तर सबमीटर लावा आणि बिलाला जो दर पडलाय त्याच दरानं पैसे घ्या, युनिटमागं दोन रुपये वर ठेवायची काही घरमालकांना सवय असते, त्यावरनं वर्षभर भांडणं होतात आणि मिळतं अगदी किरकोळ. बिलाचा फोटो ग्रुपवर टाका, विषय संपतो.

इन्स्टंट बरा की स्टोरेज?

दुकानात विचारलं तर इन्स्टंट म्हणतील कारण स्वस्त आहे, तीन-चार हजारात येतो. पण इन्स्टंट तीन किलोवॅट ओढतो आणि १५ लिटरचा स्टोरेज दोन किलोवॅट. जुन्या घराच्या वायरिंगला हा फरक फार मोठा असतो.

दुसरं, इन्स्टंटमधनं २० अंशाचं पाणी ४० ला न्यायचं तर मिनिटाला दोन लिटरच्या आसपासच धार मिळते, बादली भरायला नऊ-दहा मिनिटं जातात. भाडेकरू घाईत नळ पूर्ण सोडतो, पाणी कोमट येतं आणि मग तो फोन करतो की गिझर खराब झालाय. गिझर ठीक असतो, नळ अर्धा बंद करायचा असतो, पण हे सांगून कुणी ऐकत नाही. खानापूर तालुक्यातल्या गावात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की तीन किलोवॅटचा गिझर दोनचंच काम करतो, तिथं इन्स्टंटचा नाद सोडा.

स्टोरेज १५ लिटरचा घेतला तर वीस-बावीस मिनिटांत ६० अंशाला जातो आणि गार पाणी मिसळून सव्वा-दीड बादली होतं. एका खोलीला हे पुरतं. तीन-चार माणसं असतील तर २५ लिटर. स्टोरेजमध्ये नुकसान एकच, स्विच दिवसभर चालू राहिला तर टाकीतली उष्णता उडते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा करंट घेतो, हलक्या मशीनला दिवसाचं पाऊण युनिट असंच जाऊ शकतं. स्टार जास्त तेवढं हे कमी. बिल भाडेकरू भरत असेल तर तो आपोआप बंद करतो. बिल तुमच्याकडं असेल तर टायमर लावा, पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी तासभर.

वायरिंगचं काय बघायचं?

गिझरचा पॉइंट १६ अँपिअरचा, वायर मेन बोर्डापासून सरळ वेगळी आणि निदान अडीच एमएमची, लांब अंतर असेल तर चारची. वेगळा एमसीबी आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की लाईट तोडणारा स्विच. अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का ते तपासून घ्या, शहापूर-वडगावच्या कितीतरी जुन्या घरांत तिसरी वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथंच गुंडाळून ठेवलेली असते. आरसीसीबीला दोन-अडीच हजार जातात म्हणून लोक टाळतात, गिझर मात्र टचस्क्रीनवाला घेतात.

मंजूर लोडही बघा. बिलावर एक किंवा दोन किलोवॅट लिहिलेलं असतं आणि चार खोल्यांत चार इन्स्टंट लावले तर सकाळी सात वाजता १२ किलोवॅट होतात. लोड वाढवला की फिक्स चार्जही किलोवॅटप्रमाणं वाढतो, तोही खर्चात धरा.

भाडेकरू बादलीत रॉड घालतो, बिल वाढतंय, बंद करायला सांगू काय?

बंद करायला सांगा, पण बिलासाठी नाही. रॉडला लाईट जास्त लागते हा गैरसमज आहे, रॉड अख्खा पाण्यातच असतो, सगळी उष्णता पाण्यातच जाते, बादलीला तेच अर्धं युनिट. भानगड शॉकची आहे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बादली, खाली ओली फरशी, आणि पाणी तापलं का बघायला माणूस स्विच बंद न करता बोट घालतो. शिवाय दीड किलोवॅटचा रॉड पाच अँपिअरच्या चार्जिंगच्या सॉकेटला लावलेला असतो, सॉकेट काळं पडलेलं खोली रिकामी झाल्यावर दिसतं. तुम्ही गिझर दिला नाही तर रॉड येणारच, हे धरून चाला.

गॅस गिझर बाथरूममध्ये बसवला तर चालेल काय? शेजाऱ्यांनी बसवलाय.

नाही. यात सवलत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं जड होतं, मग चक्कर, आणि दाराला आतनं कडी असते. अशी माणसं गेल्याच्या बातम्या दर थंडीत असतात. मालकाच्या घरातला गिझर म्हटल्यावर पोलीस आधी मालकालाच विचारणार.

बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीवर, डक्टमध्ये किंवा उघड्या गॅलरीत, नुसती गरम पाण्याची पाइप आत. ज्योत निळी पाहिजे, पिवळी-केशरी दिसली की त्याच दिवशी बंद करून सर्व्हिसिंग. टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्यावर प्रेशर मिळत नाही आणि गिझर पेटतच नाही, नुसतं टकटक करतो. त्याच्यातले दोन सेल संपले तरी पेटत नाही, अर्ध्या तक्रारी त्याच्याच असतात.

फायदाही सांगतो, लाईट गेली तरी चालतो. पावसात दोन-दोन दिवस लाईट नसलेल्या गावात हे मोठं काम आहे.

सोलरचं खरं काय? सगळे म्हणतात एकदा घातलं की फुकट.

फुकट कुणाला ते बघायचं. एका कुटुंबाला १०० लिटरचा काचेच्या ट्यूबचा सोलर वीस-पंचवीस हजारात बसतो. वर्षाचे आठ महिने धरले तर ४८० युनिट वाचतात, सहा रुपयांनं २,९०० रुपये, म्हणजे आठेक वर्षांत वसूल. पण हे वाचलेले पैसे भाडेकरूच्या खिशात राहतात, घातलेले तुमचे. भाड्यात महिन्याला दोन-तीनशे वाढवून मिळत असतील तरच जमतं, आणि केंद्राची सबसिडी म्हणाल तर ती सोलर वॉटर हीटरला २०१४ मध्येच बंद झालीय.

बिल तुमच्याच गळ्यात असेल तर मात्र गणित उलटं होतं. नोव्हेंबर ते मे आपल्याकडं आभाळ स्वच्छ असतं, थंडीत दुपारपर्यंत पाणी ६० अंशाला सहज जातं. ६० चं पाणी ११ लिटर आणि गार ९ लिटर मिसळलं की एक बादली, म्हणजे १०० लिटरमधनं कागदावर नऊ बादल्या. प्रत्यक्षात वापरताना खालनं गार पाणी टाकीत शिरत राहतं, त्यामुळं सहा-सात धरा.

चार खोल्यांच्या चाळीत हे कसं चालतं ते सांगतो, उद्यमबागच्या बाजूला असं भरपूर आहे. पहिल्या खोलीतली कॉलेजची पोरं सहाला उठून शॉवरखाली उभी राहतात, दुसऱ्या खोलीतल्या वहिनी पोरांना अंघोळ घालतात, आणि फाउंड्रीतनं नाईट शिफ्ट संपवून सातला आलेला माणूस, ज्याच्या कानात-केसात काळी वाळू भरलेली असते आणि ज्याला खरं तर दोन बादल्या कडक पाणी पाहिजे, त्याच्या नळाला कोमट येतं. मग तो वैतागून सोलरच्या टाकीतली लाईटवरची बॅकअपची कॉइल चालू करतो, ती कॉमन मीटरवर, आणि ती बंद करायची कुणाच्याच लक्षात राहत नाही. रात्री परत पाणी तापतं, सकाळी ऊन यायच्या आधीच टाकी गरम, म्हणजे सोलरला कामच उरलं नाही आणि बिल तर चालूच. सोलर असून बिल कमी नाही म्हणणाऱ्यांच्या घरी नव्वद टक्के हेच असतं.

उपाय साधे आहेत. बाथरूमला शॉवर देऊच नका, नळ आणि बादली ठेवा. कॉइलचा स्विच कुलपाच्या डबीत किंवा टायमरवर ठेवा आणि जून ते सप्टेंबर सोडून बंद. आणि टाकीपासून बाथरूम जवळ पाहिजे, पाऊण इंची पाइप २० मीटर असेल तर त्यात पाचेक लिटर गार पाणी बसतं, प्रत्येक जण सकाळी आधी तेवढं सोडून देतो. पाइप सीपीव्हीसीच घाला आणि वरनं फोमचं कव्हर, साधी पांढरी पीव्हीसी गरम पाण्याला वाकते.

जुलै-ऑगस्टमध्ये सोलरकडनं अपेक्षाच ठेवू नका. बॅकअप नसलेला सोलर बेळगावात भाडेकरूला द्यायचा म्हणजे दोन महिने रोज फोन घ्यायची तयारी.

छपरावर सोलर पॅनेल घालून त्याच्यावरच गिझर चालवला तर?

विचार चांगला आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे, ती लाईट तयार करणाऱ्या पॅनेलला, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. पण जागा साधारण ३०० चौरस फूट लागते आणि फायदा ज्या मीटरला जोडाल त्यालाच. भाडेकरूंचे मीटर वेगळे असतील तर तुमच्या मीटरवरच्या पॅनेलचा त्यांच्या गिझरला उपयोग नाही. स्वतः खाली राहत असाल आणि तुमचं बिल मोठं असेल तर जरूर करा, गरम पाण्यासाठी म्हणून नको.

जुना तांब्याचा बंब आहे, तो दिला तर?

गावाकडं, अंगणात न्हाणी वेगळी असेल, चिपाडं, नारळाच्या शेंड्या, वाळकी लाकडं घरचीच असतील तर बंबाला तोड नाही, खर्च शून्य. शहरात वरच्या मजल्यावर नाही, धूर आणि राख दोन्ही शेजाऱ्यांकडं जातं. आणि भाड्याच्या घरात तांब्याचा बंब ठेवणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार.

बोअरच्या पाण्यानं गिझर दोन वर्षांत जातोय, काय करायचं?

राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी असेल तिथं हा त्रास कमी. बोअरचं पाणी जड, तापलं की क्षार कॉइलवर बसतो, कॉइल आवाज करायला लागते, पाणी उशिरा तापतं आणि शेवटी कॉइल फुटते. तापमान ६० च्या वर ठेवू नका, जेवढं जास्त तापवाल तेवढा क्षार जास्त. ग्लासलाइन, म्हणजे आतनं काचेचा लेप असलेल्या टाकीचा गिझर घ्या, दर दीड-दोन वर्षांनी उघडून साफ करा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बदला. तो काही शे रुपयांचा तुकडा स्वतः झिजतो आणि टाकीला गंज चढू देत नाही, पण वॉरंटी संपेपर्यंत त्याचं नाव कुणी काढत नाही.

वीस-पंचवीस मुलांचं पीजी आहे, त्याला काय?

इथं हीट पंप बघा. हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, एका युनिटमध्ये तीन युनिटचं काम करतो, आणि आपल्या हवेत, पावसाळ्यातसुद्धा, नीट चालतो. बसवायला लाखाच्या वर जातात, पण रोजच्या पंचवीस बादल्या म्हणजे साडेबारा युनिट, ते चार-साडेचारवर येतात. सोलर आधीच असेल तर जोडीला छोटा हीट पंप, कॉइल काढून टाका. घरगुती सिलिंडर पीजीला वापरू नका, तो नियमात बसत नाही आणि कमर्शियल सिलिंडरनं पाणी तापवणं परवडत नाही.

भाडेकरू म्हणतोय माझा गिझर मीच आणतो. हो म्हणू?

म्हणा की. पण पॉइंट आणि वायर तुमच्या इलेक्ट्रिशियनकडनं, तुमच्या खर्चानं, ती घरातच राहणार आहे. भिंतीला भोकं कुठं पाडायची ते तुम्ही दाखवा, टाइल फुटली तर डिपॉझिटमधनं जाणार हे अकरा महिन्यांच्या करारात एका ओळीत लिहा. गिझर तुमचा असेल तर त्याच करारात लिहायचं की कॉइल-थर्मोस्टॅट मालकाकडं, आणि टाकीत पाणी नसताना चालू करून जाळला तर भाडेकरूकडं. जाताना तो गिझर काढून नेईल तेव्हा पाइपला डमी (बूच) बसवल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही हेही सांगून ठेवा, नाहीतर खालच्या घरातनं फोन येतो की छतातनं पाणी गळतंय.